हॅट चढवलेली ओसी

मूकपटांचा विषय निघाला की आपल्याला दादासाहेब फाळके आठवतात, चार्ली चॅप्लिन आठवतो. ओसी ओस्वाल्डा हे नाव सहसा कुणी घेत नाही. १९१८ साली बर्लिनमध्ये अर्न्स्ट लुबिच या दिग्दर्शकाने तिला घेऊन पाऊण तासाचा एक मूकपट काढला. त्याच्या जर्मन नावाचा अर्थ, 'मला पुरुष व्हायचं नाही'.

गोष्ट साधी आहे. नायिकेचं नावही ओसीच. ती पत्ते कुटते, सिगारेट ओढते. तिला रागावणारी शिक्षिका हळूच स्वतः झुरका घेते. तिच्या पिण्यावर चिडणारे काका स्वतःचा पेला भरतात. पुढे काका परदेशी जातात आणि डॉक्टर केर्स्टन नावाचा कडक पालक घरात येतो. तो तिला वठणीवर आणण्याची भाषा करतो. मग ओसी शिंप्यांकडून पुरुषी सूट शिवून घेते, उंच हॅट चढवते आणि एकटीच रात्री नाचाच्या जलशाला निघते.

तिथे तिला कळतं, की पुरुष होणं वाटतं तितकं सुखाचं नाही. टाय बांधता बांधता जीव मेटाकुटीला येतो, गाडीत बाईसाठी जागा सोडावी लागते, सिगारने पोटात ढवळतं. जलशात केर्स्टन भेटतो. दोघांची दोस्ती जमते. परतताना घोडागाडीत झिंगलेला केर्स्टन या 'पोरा'चं चुंबन घेतो.

उर्दू गझलेत प्रिय व्यक्तीला पुल्लिंगी क्रियापद लावण्याचा संकेत फार जुना आहे. त्यावर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे दृश्य पाहून धक्का बसत नाही, हसू येतं. मराठीत गझल लिहिताना मात्र माझा हात आपसूक 'आला'ऐवजी 'आली' लिहितो.

शेवटी गुपित फुटतं. केर्स्टनने दिलेली धमकी ओसी त्यालाच ऐकवते आणि मग म्हणते, मला पुरुष व्हायचं नाही. काहींना ही शरणागती वाटते. मला तसं वाटत नाही. दोन्ही बाजूंची ओझी उचलून पाहिलेल्या मुलीचा तो निवाडा आहे. पहिल्या महायुद्धाचं ते शेवटचं वर्ष. पुरुष आघाडीवर होते, बायका कारखान्यांत राबत होत्या. जानेवारी १९१९ मध्ये जर्मन स्त्रियांनी राष्ट्रीय निवडणुकीत पहिल्यांदा मतदान केलं.

लुबिच हा बर्लिनच्या एका ज्यू शिंप्याचा मुलगा. कपडा माणसाला कसा बदलतो, हे त्याने घरातच पाहिलं असणार. १९२२ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि तिथे मोठा झाला. १९३५ मध्ये नाझी सरकारने त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. ओसी मागे राहिली. बोलपट आले आणि तिची कामं आटली. ज्यांनी लुबिचला परका ठरवलं, त्यांचं राज्य १९४५ मध्ये संपलं. हॅट चढवलेली ओसी आजही पडद्यावर हसते आहे.