मोशेचा दंडविधि व सिंदखेडचें वैर

डोळ्याबद्दल डोळा आणि दाताबद्दल दात हा मोशेचा नियम आपल्याकडील सुशिक्षितांस ठाऊक असतो तो बहुधा निंदेचा विषय म्हणून. कोणीं सूडबुद्धि दाखविली कीं तिला ह्या नियमाचें नांव द्यावें, आणि क्षमेचा उपदेश मागाहून ख्रिस्तानें केला असें सांगून विषय संपवावा, अशी रीत पडून गेली आहे. ज्या समाजासाठीं हा नियम झाला त्यांत नियमापूर्वीं काय चालत असेल, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. तो विचारण्यासाठीं पॅलेस्टाइनपर्यंत जाण्याचेंही कारण नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेड राजा येथील जाधव घराण्याचा इतिहास उघडला तरी पुरे.

सिंदखेडचे लखुजी जाधवराव हे निजामशाहींतील बडे सरदार. देवगिरीच्या यादवांशीं हें घराणें आपलें नातें सांगे. त्यांची कन्या जिजाबाई हिचा जन्म १५९८ सालचा; ती वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे पुत्र शहाजी यांस दिलेली. म्हणजे जाधव व भोसले हे एकमेकांचे व्याही. ह्या दोन घराण्यांत १७ व्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकांत जो प्रसंग घडला तो कवीन्द्र परमानंदानें आपल्या ‘शिवभारत’ ह्या संस्कृत काव्यांत वर्णिला आहे. निजामशहाचा दरबार बरखास्त होऊन सरदार मंडळी आपापल्या लवाजम्यासह बाहेर पडत होती. त्या गर्दींत खंडागळे नांवाच्या सरदाराचा हत्ती बिथरला व माणसें तुडवूं लागला. लखुजींचा पुत्र दत्ताजी ह्यानें त्याच्यावर हल्ला केला. खंडागळ्याच्या कैवारास विठोजी भोसल्यांचे पुत्र संभाजी व खेळोजी धांवले. हे शहाजीराजांचे चुलत बंधु. हत्ती राहिला बाजूला आणि माणसें माणसांवर तुटून पडलीं. संभाजीच्या हातून दत्ताजी पडला. लखुजी पुढें निघून गेले होते. मुलाच्या मृत्यूची वार्ता कानीं पडतांच ते उलटे फिरले. भावाच्या रक्षणास आलेल्या शहाजीराजांच्या हातावर सासऱ्याचाच वार बसला व ते मूर्च्छित झाले. मग लखुजींनीं संभाजीस ठार केलें. जिजाबाईचा सख्खा भाऊ तिच्या चुलत दिराच्या हातून गेला, आणि तो दीर तिच्या वडिलांच्या हातून.

येथें जिवाबद्दल जीव हा हिशेब चोख झाला, मग मोशेचा नियम पाळला गेला नाहीं काय, असें कोणी विचारील. संख्या जुळली हें खरें. परंतु मोशेच्या ग्रंथांत हा नियम जेथें जेथें आला आहे तेथें तो न्याय करणाऱ्यांस उद्देशून सांगितलेला आहे; ज्याचा मुलगा पडला आहे त्या बापाच्या हातीं तरवार देण्यासाठीं नव्हे. ह्या नियमाच्या पूर्वींचें माप उत्पत्तीच्या पुस्तकांत दिलेलें आहे. लामेख नांवाचा पुरुष आपल्या दोन बायकांपुढें फुशारकी मारतो कीं, मला जखम करणारास मीं ठार मारलें. काईनाचा सूड सातपट, तर माझा सत्त्याहत्तरपट. अशा माणसाला एका डोळ्याबद्दल एकच डोळा, त्याहून अधिक कांहीं नाहीं, असें सांगणें म्हणजे त्याच्या हाताला धरून थांबविणेंच होय. नियमाचें तोंड क्रूर दिसतें, पण त्याचा जोर ‘एकच’ ह्या शब्दावर आहे. फटक्यांचेंही तसेंच. चाळिसांहून अधिक फटके मारूं नयेत, कारण मग तुझा भाऊ तुझ्या डोळ्यांदेखत तुच्छ ठरेल, असें कारण अनुवादाच्या पुस्तकांत दिलें आहे. मोजण्यांत चूक होऊन मर्यादा ओलांडली जाऊं नये म्हणून पुढील यहुदी एकोणचाळीसच मारीत. अपराधी मार खात असतांनाही भाऊच राहतो, ही गोष्ट दंडाच्या कायद्यांत लिहून ठेवावीशी वाटली, हें आम्हांस विशेष वाटतें.

ह्याचें महत्त्व शेजारच्या कायद्याशीं ताडून पाहिलें म्हणजे कळतें. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याचा शिलालेख १९०१ सालीं इराणांतील सूसा येथें फ्रेंच संशोधकांस सांपडला व तो आतां पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. त्यांतही डोळ्याबद्दल डोळा आहे, पण तो बड्या माणसाच्या डोळ्याबद्दल. सामान्य माणसाचा डोळा फोडला तर चांदीचा एक मिना भरला म्हणजे झालें. गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीचा अर्धा भाग त्याच्या धन्याला द्यावयाचा. मोशेच्या कायद्यांत धन्यानें गुलामाचा डोळा फोडला, नव्हे नुसता दांत पाडला, तर तो गुलाम स्वतंत्र होतो. परका व स्वदेशी यांस एकच कायदा, असें लेवीय पुस्तकांत ह्या नियमालाच लागून सांगितलें आहे. आपल्या मनुस्मृतींत चोरीचा दंड वर्णाप्रमाणें चढत जातो, शूद्राला आठपट तर ब्राह्मणाला चौसष्टपट, आणि राजाला सामान्याच्या हजारपट. हा न्यायाचा एक उदात्त प्रकार आहे. पण शरीरास इजा केल्याचा प्रश्न आला कीं तीच शिडी उलटी होते, आणि ब्राह्मणाला देहदंड नाहींच. अर्थात् मोशेचा कायदाही निष्कलंक नाहीं. मारलेला गुलाम एकदोन दिवस जगून मग मेला तर धनी सुटतो, शब्बाथ मोडणाऱ्यास मृत्यूची शिक्षा आहे, आणि आईबापांचें न ऐकणाऱ्या उनाड मुलास दगडमार आहे. ह्या गोष्टी झांकून त्या कायद्याची स्तुति करणारे त्याच्यावर उपकार करीत नाहींत.

परंतु खुनाच्या बाबतींत त्या कायद्यानें जी योजना केली तिला तोड सांपडणें कठीण. रक्ताचा सूड घेण्याचा अधिकार जवळच्या भाऊबंदाचा, ही रूढि इस्राएलांतही होती. अशा भाऊबंदाला इब्री भाषेंत गोएल म्हणत. ह्या शब्दाचा मूळ अर्थ सोडविणारा. गरिबीनें विकलेली जमीन परत घेणें, गुलामगिरींत गेलेला नातलग मोबदला देऊन सोडविणें, हेंही त्याचेंच काम. सूड आणि सोडवणूक हीं दोन्हीं एकाच नात्याचीं कर्तव्यें मानलीं जात. आपल्याकडील भाऊबंद व भाऊबंदकी हे शब्द आठवले म्हणजे ह्यांत नवल वाटत नाहीं. ही रूढि मोशेनें एका फटक्यासरशी मोडली नाहीं. तिच्या वाटेंत अंतर व काळ हीं दोन आडवीं घातलीं. यार्देनेच्या दोन्ही बाजूंस तीन तीन मिळून सहा नगरें राखून ठेवावयाचीं: केदेश, शखेम व हेब्रोन पश्चिमेस, बेसेर, रामोथ व गोलान पूर्वेस. हातून माणूस मेला तर मारणारानें तेथें पळून जावें. मंडळीपुढें चौकशी होईपर्यंत त्याच्या अंगास कोणी हात लावूं नये. तेथवर जाण्याचे रस्ते नीट ठेवावे, देशाचे तीन भाग करून नगरें वांटावीं, नाहीं तर अंतर फार पडून पाठलाग करणारा संतापाच्या भरांत वाटेंतच गांठील, अशी बारीक तजवीज अनुवादांत आहे. मराठी बायबलांत ह्या नगरांस शरणपुरें म्हटलें आहे. नाशिकचें शरणपूर वाचकांस ठाऊक असेल. १९ व्या शतकांत मिशनऱ्यांनीं वसविलेल्या त्या वस्तींत गुलामगिरींतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांना आसरा मिळाला होता.

चौकशी कशाची करावयाची, तेंही सांगितलें आहे. लोखंडाचें हत्यार, हातांतला दगड किंवा सोटा घेऊन मारलें काय? टपून बसला होता काय? पूर्वींचें वैर होतें काय? लांकूड तोडतांना कुऱ्हाडीचें पातें निसटून सोबत्याला लागलें तर तो खून नव्हे. एका साक्षीदारावर कोणाचा जीव घ्यावयाचा नाहीं. खुनाचा हेतु नव्हता असें ठरलें तर त्या माणसानें मुख्य याजक मरेपर्यंत त्या नगरांत राहावें व मग खुशाल घरीं जावें. मध्यंतरीं वेशीबाहेर पडला तर मात्र त्याचें रक्त त्याच्याच माथीं. बुद्धिपुरस्सर मारलें असें ठरलें तर त्याला शरणपुरांतूनही ओढून काढावें, वेदीजवळून सुद्धां.

ह्या प्रश्नांपुढें दत्ताजीचा मृत्यु आणला असता तर निकाल काय झाला असता? संभाजीच्या हातांत लोखंड होतें हें उघड. टपून बसणें नव्हतें. हत्ती बिथरेल हें कोणास ठाऊक होतें? पूर्वींच्या वैराचा मुद्दा मात्र सोपा नाहीं. भोसल्यांची सोयरीक जाधवांना कमीपणाची वाटे, असें बखरी सांगतात. पंचांनीं तें खोदून विचारलें असतें. कदाचित् संभाजी दोषीही ठरला असता. पण तो प्रश्न विचारण्याइतका वेळच त्या दिवशीं कोणाला मिळाला नाहीं. बातमी व तरवार ह्यांमध्यें लखुजींचा घोडा मागें वळण्याइतकेंच अंतर होतें, आणि तेवढ्यांत खुनाशीं संबंध नसलेल्या जांवयाचाही हात जायबंदी झाला.

मोशेच्या कायद्यांतील आणखी एक कलम आपल्या लोकांस खटकेल. खुन्याच्या जिवाबद्दल पैसा घेऊं नये अशी गणनेच्या पुस्तकांत सक्त मनाई आहे, आणि शरणपुरांतल्या माणसाला मुदतीपूर्वीं घरीं जाऊं देण्यासाठींही पैसा घेऊं नये. दंडही विकाऊ नाहीं, दयाही विकाऊ नाहीं. ही मनाई खुनापुरतीच असल्यामुळें डोळ्यादातांच्या जागीं भरपाई चालते, असा अर्थ यहुदी शास्त्र्यांनीं काढला व तालमूदांत तोच कायम झाला. आपल्याकडे ह्याच्या उलट, खुनाबद्दल मृताच्या वारसांस जमीन किंवा वतनाचा अंश देऊन वैर मिटविल्याचे उल्लेख मराठी कागदपत्रांत आढळतात. गोतसभा बसे, महजर होई, आणि दोन्ही घरें त्याच गांवांत नांदत. ह्या तडजोडींत दया आहे हें नाकारतां येत नाहीं. तिनें किती तरी जीव वांचले असतील. तरी ज्याच्यापाशीं द्यावयास वतनच नाहीं त्याचें काय, हा प्रश्न उरतोच, आणि येथें आमचा कौल मोशेच्या बाजूस आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रामशास्त्री प्रभुणे यांनीं राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगितलें व ते पुणें सोडून गेले, ही कथा मराठी घरांत आजवर आदरानें सांगितली जाते, ती शास्त्र्यांनीं मोबदला सुचविला नाहीं म्हणूनच.

सिंदखेडच्या जाधवांवर दुसरा घाला पडला तो भोसल्यांचा नव्हे, धन्याचा. लखुजी मध्यंतरीं मोगलांस मिळून परत आले होते. ते पुन्हां जातील असा निजामशहास संशय. जुलै १६२९ मध्यें दौलताबादेस मुजऱ्यासाठीं आले असतां लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव ह्या चौघांस दरबारांत मारण्यांत आलें. दौलताबाद म्हणजे जुनी देवगिरी, ज्यांचा वारसा जाधव सांगत त्यांचीच राजधानी. संशय एकावर, आणि प्रेतें तीन पिढ्यांचीं. बापासाठीं मुलांना व मुलांसाठीं बापाला मारूं नये हें अनुवादांतील कलम राजांना सर्वांत जड जातें. हम्मुराबीला तें सुचलेंही नाहीं. घर कोसळून मालकाचा मुलगा मेला तर घर बांधणाऱ्याच्या मुलाला मारावें असें त्याचा शिलालेख सांगतो. यहूदाचा राजा अमस्या ह्यानें आपल्या बापाच्या मारेकऱ्यांस देहदंड दिला, पण त्यांच्या मुलांना हात लावला नाहीं, ही गोष्ट राजांच्या इतिहासांत मुद्दाम नोंदवून ठेवलेली आहे. म्हणजे त्या काळीं ती किती विरळा होती हें उघड होतें.

लखुजींचे बंधु जगदेवराव मोगलांकडे गेले. शहाजीराजांच्या हातावर ह्याच सासऱ्याचा वार बसला होता. जुन्या हिशेबानें पाहिलें तर त्यांनीं स्वस्थ बसावयास हरकत नव्हती. परंतु ते निजामशाही सोडून निघाले, आणि कांहीं काळ त्यांनींही मोगलांची चाकरी पत्करली. दौलताबादेचा किल्ला १६३३ सालीं मोगलांच्या हातीं पडला व १६३६ सालीं निजामशाही संपली. दरबारांत मारल्या गेलेल्या अचलोजींचा वंश मात्र भोसल्यांच्याच आश्रयास वाढला. घराण्याच्या वंशावळीप्रमाणें धनाजी जाधव हा त्यांचा पणतू. राजाराम छत्रपतींच्या काळांत सेनापतिपद धनाजीकडे आलें. त्याच्यापूर्वीं तें संताजी घोरपड्याकडे होतें. १६९७ सालीं नागोजी मान्यानें संताजीला गांठून मारलें. नागोजीच्या मेहुण्याला संताजीनें हत्तीच्या पायीं दिलें होतें, त्याचा तो सूड होता.