बंब, जोडणी आणि झावळ्यांचे छप्पर

अग्निशामक दलांचा इतिहास बहुधा बंबांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी हाताने चालविण्याचा बंब, मग वाफेचा, मग मोटारीचा, अशी ती चढती मालिका असते. परंतु बंब असणे आणि तो ऐन वेळी चालणे यांत अंतर आहे, व ते अंतर तपासणीनेच भरून काढावे लागते. या तपासणीलाही स्वतःचा इतिहास आहे. नोकरीच्या निमित्ताने आपण ज्या तामिळ प्रदेशात येऊन राहिलो, त्या प्रदेशाशी त्यातील काही ठळक दुवे निगडित आहेत. आमच्या वाचकांपैकी अनेकांना दफ्तर तपासण्यासाठी लहानसहान गावी जावे लागते. तेव्हा हा विषय त्यांना केवळ जिज्ञासेचा वाटणार नाही.

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी १९०५ साली म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयास मिळाली, ती तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताकडून. आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली ती छापून प्रसिद्ध केली. त्या ग्रंथात नागरक म्हणजे नगराचा अधिकारी याची कर्तव्ये सांगताना अग्निनिवारणाचा बारीक तपशील आला आहे. उन्हाळ्यात घरोघरी पाण्याचे घट, शिडी, कुऱ्हाड, आकडा व चामड्याची पखाल असावी. रस्त्यांवर व चौकांत पाण्याचे घट हजारोंनी ओळीने मांडावेत. पेटलेल्या घराकडे धावून न जाणाऱ्या घरमालकास १२ पण व भाडेकऱ्यास ६ पण दंड करावा, असे त्याचे सांगणे आहे. त्याच प्रकरणात आणखी एक आज्ञा आहे: गवताची व चटयांची आच्छादने उतरवून टाकावीत. साधने सज्ज ठेवणे आणि जळाऊ छप्पर आधीच दूर करणे, ही दोन्ही कामे कौटिल्याने एकाच अधिकाऱ्याच्या माथी मारली होती, हे येथे ध्यानात ठेवावे.

अर्वाचीन काळात मद्रास शहरात १९०८ साली अग्निशामक दल उभे राहिले. त्यानंतर सहाच वर्षांनी, २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री, ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने बंदरावर तोफा डागून बर्मा ऑईल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटविल्या. युद्ध समुद्रावरून थेट शहरात येऊ शकते, हे मद्रासने त्या रात्री पाहिले. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्याची धास्ती निर्माण झाली, आणि ही सेवा शहराची वेस ओलांडून प्रांतातील गावांकडे वळली.

युद्धाने शिकविलेला दुसरा धडा जोडणीचा. १९०४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील बाल्टिमोर शहर पेटले, तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया व न्यू यॉर्क येथून बंब धावून आले. पण पुष्कळांच्या नळ्या तेथील पाण्याच्या तोट्यांना बसेनात. १,५०० हून अधिक इमारती भस्मसात झाल्या. ब्रिटनमध्येही जर्मन बॉम्बहल्ल्यांत गावोगावच्या दलांची अशीच तारांबळ उडाली, आणि १९४१ साली सुमारे १,६०० दले मोडून एकच राष्ट्रीय सेवा उभारावी लागली.

या बाबतीत तामिळनाडू आणि महाराष्ट्र यांच्या वाटा निरनिराळ्या आहेत. तामिळनाडूत ही सेवा राज्य शासनाचे एक खाते आहे. १९८५ च्या अधिनियमाने तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले, आणि चेन्नईतील मुख्यालयाच्या हाताखाली आज तीनशेहून अधिक केंद्रे आहेत. महाराष्ट्रात मात्र आग विझविणे हे १९६५ च्या अधिनियमान्वये नगरपरिषदांचे आवश्यक कर्तव्य आहे. साहजिकच गावचा बंब गावच्या तिजोरीवर पोसला जातो. एका पद्धतीत साहित्य एकसारखे राहते व तपासनीस बाहेरून येतो. दुसरीत आपला बंब म्हणून गावाला आस्था असते, पण त्याचे दोष पाहणाराही बहुधा घरचाच असतो. याच महाराष्ट्रात, नागपूरला, देशभरातील अग्निशमन अधिकाऱ्यांना घडविणारे राष्ट्रीय महाविद्यालय आहे. १९५६ साली रामपूर येथे सुरू झालेली ती संस्था पुढल्याच वर्षी नागपुरास आली.

तपासणीत पाहावयाचे तरी काय? तीन लाखांपर्यंतच्या वस्तीस दर ५०,००० माणसांमागे एक पंप असावा, असे प्रमाण केंद्रीय अग्निशमन सल्लागार समितीने घालून दिले आहे. परंतु पंप मोजणे ही तपासणी नव्हे. पाणी ओढून घेणाऱ्या नळीचे तोंड बंद करून पंपातील हवा काढली, की मापकाचा काटा चढतो. तो तेथेच टिकला तर ठीक. भरभर उतरू लागला, तर कोठेतरी हवा शिरते आहे, आणि असा पंप विहिरीतून पाणी उचलणार नाही. उत्तम पंपही प्रत्यक्षात सात-आठ मीटरहून खोल पाणी ओढू शकत नाही. देवळाची पुष्करिणी पावसाळ्यात काठोकाठ भरलेली पाहून निर्धास्त होणाऱ्याने मे महिन्यात, ज्या दिवसांना तामिळ लोक ‘अग्निनक्षत्रम्’ म्हणतात त्या दिवसांत, तिच्या पायऱ्या पुन्हा उतरून पाहाव्यात. कापडी नळी ओली गुंडाळली तर कुजते. म्हणून केंद्रात ती उंच टांगून वाळविण्याची सोय असते. त्या जागी धूळ साचली असेल, तर नोंदवहीतील सुवाच्य शेरे वाचण्याचे कारण उरत नाही.

आणि तरीही एवढ्याने भागत नाही. सर टी. माधवराव यांच्या जन्माने मराठी माणसाला परिचित असलेल्या कुंभकोणम् गावी १६ जुलै २००४ रोजी एका शाळेच्या स्वयंपाकघराचे छप्पर पेटले. ती आग वरच्या मजल्यावरील वर्गांच्या झावळ्यांच्या छपरास लागली. जिना अरुंद होता. जळते छप्पर मुलांवर कोसळले आणि ९४ मुले दगावली. झावळ्या जळण्यास जो वेळ लागतो, त्या वेळात कोणत्या गावचा बंब, कितीही सज्ज असला तरी, पोहोचणार? पुढे शाळांवरील असली छपरे उतरविण्याची आज्ञा निघाली. याच दुर्घटनेवरून दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी देशभरातील शाळांसाठी अग्निसुरक्षेचे आदेश दिले.

ज्या ग्रंथात छप्पर उतरविण्याची आज्ञा आहे, त्याची पोथी याच जिल्ह्यातून बाहेर आली होती. कौटिल्याने एकत्र ठेवलेली दोन कामे आपण निरनिराळ्या खात्यांत वाटून दिली. बंब एकाकडे, इमारतीचा परवाना दुसऱ्याकडे, शाळेची मान्यता तिसऱ्याकडे. प्रत्येकाचे दफ्तर स्वच्छ असू शकते, आणि तरीही छप्पर जागच्या जागी राहते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अधिनियमाने इमारतमालकास दर जानेवारी व जुलैमध्ये अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र देण्याचे बंधन घातले, ते ही वाटणी पुन्हा सांधण्याच्या दृष्टीनेच महत्त्वाचे होय. कागद मात्र छपरावर चढून पाहात नाही. ते माणसालाच करावे लागते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, कोणत्याही खात्याच्या कामासाठी लहान गावी जाणाऱ्या अधिकाऱ्याने बंबाचा काटा पाहून झाल्यावर गावातील शाळा, मंगल कार्यालय व चित्रपटगृह यांची छपरे आणि जिनेही पाहावेत, आणि जे दिसेल ते, आपल्या खात्याचे नसले तरी, शेऱ्यात लिहावे.