परळमध्ये सापडलेला रक्तगट : रक्तस्राव, सलाइन आणि 'बॉम्बे'

१/ मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि ठाण्याकडे जाणारा घोडबंदर रस्ता काशीमीरा येथे एकत्र येतात. अशा रस्त्यांवरील अपघातात रक्तस्राव थांबवणे, शिरेतून सलाइन देणे आणि मग रक्त चढवणे हा उपचारांचा क्रम आज सर्वपरिचित आहे. त्यामागे मोठा इतिहास असून त्यातील एक महत्त्वाचा टप्पा मुंबईतल्या परळचा आहे.

२/ प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. ते कमी होऊ लागले की शरीर त्वचेकडील रक्तवाहिन्या आकुंचित करून हृदय आणि मेंदू यांचा पुरवठा राखते. म्हणून हातपाय गार पडतात, नाडी जलद होते, लघवी कमी होते. साधारण एक तृतीयांश रक्त गेले की रक्तदाब कोसळतो. तोवर तो ठीक दिसू शकतो. म्हणून केवळ त्यावर विसंबून चालत नाही.

३/ पटकीच्या साथीत १८३२ साली स्कॉटलंडमधील लीथ येथे डॉ. थॉमस लाटा यांनी मिठाचे द्रावण रुग्णांच्या शिरेत सोडले. जुलाब-उलट्यांनी शरीरातील द्रव निघून गेलेले, मरणासन्न झालेले काही रुग्ण त्यामुळे उठून बसले. तरीही हा उपाय पुढे कित्येक दशके मागे पडला.

४/ सलाइन द्रवाची तूट भरते, परंतु त्यात प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी नसतात. त्या दुसऱ्या माणसाकडूनच मिळतात. कोणाचे रक्त कोणाला चालते, हे कार्ल लँडस्टायनर यांच्या १९०१ मधील रक्तगटांच्या शोधामुळे उमगू लागले. पुढे 'ओ' गटाचा दाता सर्वांना चालतो, हा समज रूढ झाला.

५/ या समजाला मुंबईने अपवाद दाखवला. सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांचा शोधनिबंध मे १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील रक्त नेहमीच्या चाचणीत 'ओ' भासत होते, मात्र 'ओ' पेशींचीही गुठळी करत होते.

६/ कारण असे. 'ए' आणि 'बी' हे घटक 'एच' नावाच्या पायावर तयार होतात. 'ओ' रक्तात हा 'एच' विपुल असतो. या व्यक्तींमध्ये तो पायाच नसतो. त्यामुळे त्यांचे शरीर 'एच'लाच परका मानून त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये बाळगते. या गटाला 'बॉम्बे' हे नाव मिळाले.

७/ अशा जखमीला घाईत 'ओ' रक्त दिले, तर उपचारच प्राणघातक ठरू शकतो. दाता आणि रुग्ण यांचे रक्त प्रत्यक्ष जुळवून पाहणे, म्हणजेच क्रॉसमॅच, का टाळू नये हे यावरून कळते. भारतात अशी व्यक्ती साधारण १०,००० मध्ये एक आढळते, तर युरोपात सुमारे १० लाखांत एक. या व्यक्तींना त्याच गटाचे रक्त लागते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी स्वतःचे रक्त साठवून ठेवणे हाही एक मार्ग असतो.

८/ मोठ्या रक्तस्रावात सलाइन रुग्णाला थोडा वेळ मिळवून देते. 'बॉम्बे' गटाच्या रुग्णासाठी तो वेळ दूरच्या एखाद्या अनोळखी दात्याचा शोध घेण्याचा असतो. त्या दात्याला आपला खरा गट आधीच ठाऊक असेल, तरच हा शोध वेळेत पुरा होतो.