आधी कोणी उठायचे?

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या नागपुरात घरोघरी एकच घाई असते: उजाडण्यापूर्वी सर्वांची अभ्यंगस्नाने आटोपायची. कन्हानचे पाणी शहराला पोचवणाऱ्या पंपांना मात्र घाई नसते. त्यांनी रात्रंदिवस थांबू नये, एवढेच आपले मागणे. संगणकांचेही असे दोन संसार आहेत. एक घरातला, सकाळी सुरू करून रात्री बंद करायचा. दुसरा सर्व्हर, बँका-कचेऱ्यांचा भार महिनोन्‌महिने अखंड वाहणारा. दोघांना एकाच रीतीने जागे कसे करावे, हा वाद मला भाऊबंदकीच्या खटल्याइतका रंजक वाटतो.

१९९१ मध्ये जन्मलेल्या लिनक्सने जुन्या युनिक्सची रीत उचलली. आज्ञांच्या चिठ्ठ्यांना क्रमांक द्यायचे आणि एकीचे काम संपले की दुसरी वाचायची. न्हाणीघर एक आणि रांग मोठी, असा तो प्रकार! सर्व्हरवाल्यांना ते चाले. घरची माणसे पडद्यापुढे ताटकळत. २००६ मध्ये उबुंटूने ‘अपस्टार्ट’ आणले: जशी घटना घडेल, तसे काम सुरू. २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग व के सीव्हर्स यांनी ‘सिस्टमडी’ मांडले. त्यातली युक्ती अशी की, सर्व सेवांची दारे आधीच उभी करायची. आतला माणूस उठायचा असला तरी निरोप दाराशी थांबतात. म्हणून सारे एकदम उठू शकतात. घराची घाई भागली. शिवाय प्रत्येक सेवेच्या पोराबाळांची मोजदाद राहते. कोणी कोसळले तर ते कळते, पुन्हा उठवता येते. ही सर्व्हरची सोय.

मग भांडण कशाचे? जुन्या चिठ्ठ्या वाचून हातांनी दुरुस्त करता येत. नवी रोजनिशी साध्या अक्षरांत नव्हती. मध्यरात्री बंद पडलेले यंत्र ज्याला उठवायचे, त्याची ही तक्रार क्षुल्लक नव्हे. घरी आणि सर्व्हरवर, दोन्हीकडे चालणाऱ्या ‘डेबियन’ या लिनक्स प्रणालीपुढे हा खटला आला. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिच्या तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्ष बिडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टमडी जिंकले. नाराजांनी ‘डेव्हुआन’ नावाची वेगळी चूल मांडली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवरच उभी आहे. तेव्हा हा खटला अगदीच परक्यांचा नव्हे.

घराने वेग मागितला, कचेरीने भरवसा. मला वाटते, दोघांच्या मागण्यांखाली प्रश्न एकच होता: कोण कोणावर विसंबून आहे? तो नीट मांडला, तेव्हा एका छपराखाली दोघांची सोय झाली. मात्र जुन्या कारभाऱ्याला वाचता येईल अशी साधी वही जोडीला ठेवण्याची मुभाही नव्या व्यवस्थेत आहे. ती वही फेकून देऊ नये, एवढेच माझे म्हणणे.