हिमस्खलन : बर्फाची स्थिती आणि डोंगरयात्रेतील धोका

डोंगरउतारावर साचलेला बर्फ सुटून वेगाने खाली येणे म्हणजे हिमस्खलन. महाराष्ट्रात ते घडत नाही. मराठवाड्यातल्या जिंतूरच्या उत्तरेकडील अजिंठा रांगेच्या टेकड्यांवर कधी पांढरा थर दिसलाच, तर तो गारांचा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याला झोडपून काढणारी गारपीट अजून लोकांच्या लक्षात आहे. हिवाळ्यात हिमालयावर बर्फ टाकणाऱ्या पश्चिमेकडच्या वातप्रणालींचा हात इकडच्या गारपिटीतही अनेकदा असतो. पण इथली गार विरून जाते, तिथला बर्फ महिनोन्महिने टिकतो आणि टिकताना आतून बदलत राहतो. केदारकंठा, सार पास यांसारख्या हिमालयातल्या वाटांवर जाणारे मराठी गट सह्याद्रीत कमावलेले धोक्याचे भान सोबत नेतात. बर्फावर नेमके तेच भान फसवते.

सह्याद्रीत दरडीचा धोका पावसाशी जोडलेला असतो. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले ते मुसळधार पावसात, आणि आभाळ उघडले की दरडीची भीती हळूहळू ओसरते, हा इथला अनुभव खराही आहे. बर्फाचे तसे नाही. कडाक्याच्या थंडीत, बर्फाचा थर पातळ असेल तर, जमिनीलगतचे कण मोठे, रवाळ आणि एकमेकांना न धरणारे बनतात. त्यावर नवा बर्फ पडून किंवा वाऱ्याने वाहून येऊन घट्ट लादी तयार होते. खालचा कच्चा थर भार पेलेनासा झाला की अख्खी लादी तडकून सुटते. असा थर आठवडेच्या आठवडे तग धरतो, म्हणजे निळ्या आभाळाखालीही सापळा कायम असतो. बहुतेक लाद्या ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साचतच नाही. म्हणून भीतिदायक कड्यापेक्षा चढायला सोयीचा वाटणारा मोकळा उतार अधिक घातक. दुसरे असे की, हौशी गिर्यारोहकांच्या अपघातांत बहुतेक वेळा लादी सुटते ती अडकलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने. दरड माणसावर कोसळते. हिमस्खलन बऱ्याचदा माणूसच सुरू करतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे : जाणकारही मरतातच, मग जाणून उपयोग काय? ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा शिखराजवळ हिमस्खलनात सापडली. २७ मृतदेह मिळाले, दोघे त्या वेळी बेपत्ता राहिले. त्यांत अनुभवी प्रशिक्षकही होते. पण यातून ज्ञान फोल ठरत नाही. ज्ञानाने उतार बदलत नाही, आपण कोणत्या उतारावर पाय ठेवायचा ते बदलते. हिमस्खलनाचा अंदाज पाहून निघावे, हा नेहमीचा सल्ला योग्य पण अपुरा. चंदीगडची संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था हिमालयासाठी इशारे देते. ते विस्तृत टापूचे असतात, समोरच्या एका घळीचे नव्हेत. उलट, सगळ्या बर्फाळ वाटा सारख्याच धोक्याच्या मानणेही चूक. दाट झाडीतली, सौम्य उताराची वाट पुष्कळ सुरक्षित असते, मात्र तिच्या माथ्यावर उभा मोकळा उतार नसेल तरच.

बचावाबद्दलचा भरवसाही तपासून पाहावा. गाडलेला माणूस बहुधा गुदमरून मरतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढल्यास वाचण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्याने कोसळते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या सोनम चौकीवर सातारा जिल्ह्यातील एका जवानासह दहा जण गाडले गेले. धारवाड जिल्ह्यातील हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण ११ फेब्रुवारीला त्यांचेही निधन झाले. त्या अद्भुतावर बेत आखता येत नाही. हेलिकॉप्टर येईतो वेळ सरलेली असते. सुटका सोबत्यांनीच करायची, आणि त्यासाठी प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारे रेडिओयंत्र), शोधकाठी व फावडे हवे. मराठी गटांचा मुख्य हंगाम मे महिन्याच्या सुट्टीचा असल्याने त्यांची गाठ बहुधा ओल्या बर्फाशी पडते. रात्री गोठलेला थर उन्हाने पाणावतो आणि दुपारी घसरू लागतो. म्हणून खिंड चढायची ती अंधारात निघून, उन्हे तापण्याआधी. बूट घोट्याच्या वर रुतू लागले की उभ्या उतारावरून मागे फिरावे, खिंड शंभर पावलांवर दिसत असली तरी.