पुन्हा पहिल्यापासून?

धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाळेत गेलो होतो. संगणक कक्षातल्या दहा यंत्रांवर एकाच सर्व्हरवरून कार्यप्रणाली आपोआप चढत होती. मध्येच वीज गेली. परत आली तेव्हा आठ यंत्रांनी काम पहिल्यापासून सुरू केले, दोन मात्र काळा पडदा दाखवत थांबली. गुरुजींनी विचारले, "यंत्रे सारखी, वीजही एकदमच गेली; मग दोनच का अडली?"

या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

संगणकाच्या स्मृतीत प्रोग्राम आणायला आधी दुसरा प्रोग्राम लागतो. मग तो पहिला कोण आणणार? १९५२च्या आयबीएम ७०१ यंत्रात यासाठी एक बटण होते. ते दाबले की यंत्र पहिल्या मोजक्या सूचना स्वतः वाचून घेई आणि त्या सूचना उरलेला प्रोग्राम आत ओढत. आपल्याच बुटाचा पट्टा धरून स्वतःला उचलण्याच्या इंग्रजी कल्पनेवरून या क्रियेला 'बूट' हे नाव पडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेला टिफ्रॅक छिद्रे पाडलेली कागदी फीत वाचत असे. फितीच्या काळात चूक झाली, तर शेजारी उभा असलेला माणूस फीत पुन्हा लावी.

पुढे तारेवरून कार्यप्रणाली मागवणारी यंत्रे आली आणि हा माणूस बाजूला झाला. चूक ओळखून पुन्हा प्रयत्न करण्याचे काम नियमांवर आले. १९८१ साली प्रसिद्ध झालेला टीएफटीपी हा असाच एक नियमसंच. त्यात फाइलचे ५१२ बाइटचे क्रमांकित तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याची पोच मिळाल्यावरच पुढचा तुकडा निघतो. पोच वेळेत आली नाही, तर तोच तुकडा पुन्हा जातो.

नियम बिनचूक वाटतो ना? पण समजा, सातव्या तुकड्याची पोच हरवली नाही, नुसती उशिरा आली. दरम्यान सातवा तुकडा पुन्हा गेला, म्हणून पोच दोनदा आली. प्रत्येक पोचेला उत्तर म्हणून आठवा तुकडाही दोनदा गेला, मग नववाही. फाइल पोचते, पण तिथून शेवटपर्यंत सारे दुप्पट! गटेच्या १७९७च्या कवितेत जादूगाराचा शिष्य पाणी भरणारा झाडू थांबवण्यासाठी तो फोडतो, तर दोन झाडू पाणी भरू लागतात. त्यावरूनच या दोषाला 'जादूगाराच्या शिष्याचा विकार' म्हणतात. १९८९ साली नियम सुधारला : दुसऱ्यांदा आलेल्या पोचेवर काहीही पाठवू नये, वेळ उलटली तरच पाठवावे. वर्गात दोन विद्यार्थी आणि क्रमांकाच्या चिठ्ठ्या घेऊन हे सहज करून पाहता येईल.

आता गुरुजींचा प्रश्न. यंत्रे आधी स्वतःची डिस्क तपासत, तिथे काही नसेल तरच सर्व्हरला विचारत. आठ यंत्रांच्या डिस्कवर सुरू होण्याजोगे काही नव्हते, म्हणून ती सर्व्हरकडे वळली. दोन यंत्रे पुढे गेली होती. सुरुवातीचा प्रोग्राम डिस्कवर उतरला होता, बाकीचे काम अपुरे होते. त्या अर्धवट प्रणालीलाच ती पूर्ण समजली. उपाय सोपा होता : प्रत्येक यंत्राने आधी सर्व्हरलाच विचारावे आणि सर्व्हरने 'पूर्ण' अशी नोंद शेवटची पायरी झाल्यावरच करावी. नोंद नसेल, तर डिस्क पुसून पुन्हा पहिल्यापासून.

काहीच न झालेले काम पुन्हा सुरू करणे सोपे असते. धोका असतो तो झाल्यासारख्या दिसणाऱ्या अर्धवट कामाचा. गुरुजी हसून म्हणाले, "वर्गातही तेच होतं."