विदर्भाचं एकसष्टावं वर्ष

नवा प्रशिक्षक येतो आणि एका वर्षात संघाचं नशीब पालटतं, ही गोष्ट आपल्याला फार आवडते. गावोगावच्या शाळांत अशी दंतकथा असतेच. नवे गणिताचे सर आले आणि मागच्या बाकावरची पोरं पहिल्या नंबरात पास झाली वगैरे. बहुतेक वेळा त्यात मीठमसाला जास्त असतो. पण महाराष्ट्रात अशी एक गोष्ट खरंच घडली आहे आणि तिचे सगळे आकडे स्कोअरबुकात आहेत. विदर्भाच्या रणजी संघाचा २०१७-१८ चा मोसम.

आधी थोडा भूगोल. राज्य एक असलं तरी रणजीत आपले संघ तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. आम्ही राहुरीकर म्हणजे नगर जिल्ह्यातले, त्यामुळे आमचा संघ 'महाराष्ट्र', ज्याचा कारभार पुण्यातून चालतो. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असं लागोपाठ दोनदा रणजी जिंकलं. त्यानंतर आजपर्यंत एकदाही नाही! २०१३-१४ ला अंतिम फेरीपर्यंत गेलो होतो, तिथे कर्नाटकाने हरवलं. मुंबईचं तर काय सांगावं, चाळीसहून जास्त विजेतेपदं.

आणि विदर्भ? १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर, १९५७-५८ पासून हा संघ विदर्भ म्हणून रणजी खेळू लागला. पुढची साठ वर्षं एकदाही उपांत्य फेरी नाही. मोठ्या संघांच्या लेखी विदर्भाशी सामना म्हणजे गुण वाढवायची सोय.

२०१७ साली चंद्रकांत पंडित तिथे प्रशिक्षक म्हणून आले. पंडित मुंबईचे, भारताकडून ५ कसोटी आणि ३६ वनडे खेळलेले यष्टिरक्षक. प्रशिक्षक म्हणून मुंबईला त्यांनी रणजी जिंकून दिलं होतं, अगदी अलीकडे २०१५-१६ ला. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, मुंबई इंदूरला अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि मुंबईने नवा प्रशिक्षक नेमला. एक अंतिम सामना हरणं हा मुंबईत गुन्हा असतो. विदर्भात तोवर अंतिम सामना कोणी पाहिलाच नव्हता.

मोसम सुरू झाला. विदर्भ गटात पहिला आला. उपांत्यपूर्व फेरीत सुरतला केरळवर तब्बल ४१२ धावांनी विजय. इथवर ठीक, म्हणजे नशीबही असू शकतं. पण उपांत्य फेरीत कोलकात्याच्या ईडनवर समोर कर्नाटक होतं.

विदर्भ पहिल्या डावात १८५ ला गारद. कर्नाटकाने ३०१ केल्या, त्यात करुण नायरच्या १५३ (हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे). जुना विदर्भ असता तर सामना तिथेच संपला असता. या विदर्भाने दुसऱ्या डावात ३१३ केल्या. त्यातल्या ८१ गणेश सतीशच्या, जो स्वतः कर्नाटक सोडून विदर्भात आला होता. कर्नाटकापुढे लक्ष्य १९८. चौथ्या दिवसअखेर ७ बाद १११. शेवटच्या दिवशी ८७ हव्यात आणि तीन गडी शिल्लक. तळाच्या फलंदाजांनी चिवटपणे झुंज दिली, सामना जवळजवळ ओढून नेला... आणि विदर्भ ५ धावांनी जिंकलं. रजनीश गुरबानीने त्या डावात ६८ धावांत ७ बळी घेतले, सामन्यात १२. हा गुरबानी सिव्हिल इंजिनिअर!

अंतिम सामना दिल्लीशी, आणि तोही पुन्हा इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, जिथे वर्षभरापूर्वी पंडितांची मुंबई हरली होती. गुरबानीने हॅटट्रिक घेतली, तीनही त्रिफळे. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही दुसरीच हॅटट्रिक. पहिली १९७२-७३ ला तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांची, मुंबईविरुद्ध. मग यष्टिरक्षक अक्षय वाडकरचं शतक, विदर्भाच्या ५४७ धावा आणि १ जानेवारी २०१८ रोजी नऊ गडी राखून विजय. एकसष्टाव्या मोसमात पहिलं विजेतेपद.

आता मुद्द्याचं. याचं श्रेय एकट्या पंडितांना द्यायचं का?

मला तसं वाटत नाही. जामठ्याचं स्टेडियम २००८ लाच उभं राहिलं होतं. पोरांना राहून शिकता येईल अशी अकादमीही होती. कर्णधार फैज फझल गेली कित्येक वर्षं विदर्भासाठी खेळत होता. त्या मोसमात त्याने ९१२ धावा केल्या. वसीम जाफर होता. आदल्या वर्षी दुखापतीमुळे तो फारसा खेळू शकला नव्हता, पण असोसिएशनने ठरलेले पैसे दिले होते. म्हणून या मोसमात तो बिनमानधन खेळला. आजच्या काळात हे वाचून डोळे चोळावेसे वाटतात! म्हणजे शेत नांगरलेलं होतं, पाणी होतं, बियाणंही होतं. आमच्याकडे कृषी विद्यापीठाच्या गावात हे वेगळं सांगावं लागत नाही, यातलं काहीच एका हंगामात तयार होत नसतं.

मग पंडितांनी काय केलं? कडक शिस्त तर आणलीच, त्यांची ख्यातीच तशी आहे. (पुढे आयपीएलमध्ये एका परदेशी खेळाडूने त्यांच्या लष्करी खाक्याबद्दल उघड नाराजी बोलून दाखवली. तीच छडी सगळीकडे चालते असं नाही.) पण माझ्या मते खरं काम वेगळंच होतं. अंतिम सामना म्हणजे नेहमीचंच काम, असं मानणाऱ्या मुंबईतून ते आले होते. ती सवय त्यांनी सोबत आणली. १८५ ला बाद झाल्यावर सामना अजून आपला आहे, असं वाटणं ही सवयीचीच गोष्ट असते.

पुढच्या वर्षी विदर्भाने सौराष्ट्राला हरवून पुन्हा रणजी जिंकलं, त्यामुळे नशिबाची शंकाही मिटली. नंतर पंडित मध्य प्रदेशात गेले. १९९९ साली बंगळूरला ते याच मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते. २०२२ ला त्याच मैदानावर त्यांनी प्रशिक्षक म्हणून मध्य प्रदेशला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं, आणि समोर होती मुंबई!

पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो मार्च २०२५. विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकलं, पंडित जाऊन बरीच वर्षं झाल्यावर, उस्मान घनी प्रशिक्षक असताना. अंतिम सामन्यात ८६ आणि १३५ करणारा फलंदाज कोण? करुण नायर. तोच, ईडनवरचा. कर्नाटकातून जागा गेल्यावर तो विदर्भात आला होता.

हे वाचताना मला आमचा जिल्हा आठवतो. झहीर खान शेजारच्या श्रीरामपूरचा, पण रणजीत आधी बडोद्याकडून आणि मग मुंबईकडून खेळला. अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातला, तो मुंबईचा झाला. दोघांचाही अभिमान आहेच, पण दोघांनाही मोठं व्हायला जिल्हा सोडावा लागला. याउलट अकोल्याचा आदित्य ठाकरे २०१७ च्या त्या अंतिम सामन्यातच पहिल्यांदा रणजी खेळला, आणि विदर्भाकडूनच. एके काळी लोक जिथे खेळायला नाखूश असत तिथे आता बाहेरचे येतात आणि घरचे टिकतात.

देवधरांनंतर ऐंशीहून जास्त वर्षं आम्ही थांबलोय. एखादे पंडित येतीलही. पण ते येतील तेव्हा श्रीरामपूर-राहुरीकडच्या एखाद्या पोराला दाखवायला मैदान, नेट आणि शिकवणारा माणूस इथेच, जवळपास असायला हवा. ते काम प्रशिक्षकाचं नाही, त्याच्या आधीच्या दहा वर्षांचं आहे.